दहा इंची तबकडी आणि दुहेरी गाणे : सुरुवातीच्या रिदम अँड ब्लूजमधला आंबट विनोद

१९५२ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातील किंग रेकॉर्ड्स या कंपनीने एक तबकडी काढली. गायकाचे नाव बेंजामिन जॅक्सन, पण सगळे त्याला ‘बुल मूस’ जॅक्सन म्हणत. गाण्यातला नायक सांगतो, की आपली मैत्रीण मोठी विलक्षण आहे, तिची मर्जी सांभाळणे सोपे नाही. मात्र आपण आपली ती भलीमोठी दहा इंची... आणि इथे गायक थांबतो. त्याच्यामागची वाद्येही थांबतात. क्षणभर काहीच वाजत नाही. मग तो अगदी साळसूदपणे वाक्य पुरे करतो : ...तबकडी बाहेर काढली, की तिची कळी खुलते.

त्या काळी मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी सर्वसाधारणपणे दहा इंच व्यासाचीच असे आणि तिच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. म्हणजे नायकाच्या बोलण्यात खोटे काहीच नाही. दुकानात जाऊन कोणीही दहा इंची तबकडी मागावी, दुकानदाराने ती कागदात गुंडाळून द्यावी, इतके ते वाक्य साधे आहे. जे काही वावगे घडते ते त्या क्षणभराच्या शांततेत, आणि ते गायकाच्या तोंडी नसून ऐकणाऱ्याच्या डोक्यात घडते.

एखादे नवे गाणे चावट शब्दांमुळे वादात सापडले, की ‘जुन्या काळची गाणी कशी सोज्वळ असत’ हे वाक्य हमखास कानावर पडते. अमेरिकन संगीताच्या बाबतीत तरी ते टिकत नाही. रॉक अँड रोलचा जन्म ज्या संगीतातून झाला, त्या रिदम अँड ब्लूजमध्ये १९४५ ते १९५५ या दशकात आंबट विनोदाची जणू स्वतंत्र शाखाच होती. ती गाणी आज इंटरनेटवर सहज ऐकायला मिळतात, पण आपल्यासारख्या श्रोत्याला अनेकदा शब्द कळतात आणि हशा कशाला आला ते कळत नाही. हा विनोद कसा चालत असे, तो कोण कोणासाठी करत होते, आणि वर्षानुवर्षे कोणाची तक्रार नसताना १९५५ च्या सुमारास अचानक एवढा गहजब का झाला, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

नाव कसे पडले आणि गाणे वाजे कुठे

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांचे गाणे. १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी तडाख्याने खपली, आणि हा समाज तबकड्यांचे गिऱ्हाईक होऊ शकतो, हे कंपन्यांना पहिल्यांदाच उमगले. त्यानंतर कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी काढलेल्या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे ‘त्या वंशाच्या तबकड्या’, असे नाव पडले. ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकातही खपाची यादी याच नावाने छापली जाई. जून १९४९ मध्ये तिथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलर या पत्रकाराच्या सूचनेवरून यादीचे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ असे करण्यात आले. म्हणजे हे नाव मुळात एखाद्या रागाचे किंवा घराण्याचे नसून गिऱ्हाइकाचे होते. तरीही त्या नावाखाली जे संगीत येई त्याला स्वतःचा बाज होता : मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाल्यावर उरलेले सहा-सात वादक, पुढे ओरडणारा सॅक्सोफोन, ठोस ताल आणि नाचायला योग्य गती.

हे गाणे वाजत असे ते मुख्यतः बारमध्ये, नाचघरांत आणि ज्यूकबॉक्सवर. मुंबईच्या इराणी हॉटेलात नाणे टाकून गाणे लावायची ती रंगीत दिव्यांची पेटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ज्यूकबॉक्सचे महत्त्व निराळे सांगायला नको. रेडिओवर गाणे लागायचे, तर केंद्राचा मालक, जाहिरातदार आणि सरकारी परवाना यांची मर्जी सांभाळावी लागते. ज्यूकबॉक्सला फक्त नाणे लागते. शिवाय ती पेटी जिथे ठेवलेली असे, तिथे रात्री दहानंतर लहान मुले नसत. जे विनोद माजघरात चालत नाहीत ते पारावर चालतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. रिदम अँड ब्लूजचा आंबट विनोद हा पारावरचा विनोद होता आणि आपला पत्ता तो नीट ओळखून होता.

एका वाक्यात दोन बिऱ्हाडे

शाळेत आपण श्लेष अलंकार शिकतो. ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ या वाक्यात जीवन म्हणजे पाणी आणि जीवन म्हणजे आयुष्य, असे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागतात आणि दोन्ही सोज्वळ असतात. त्यातला एक अर्थ अंगणात बसवावा आणि दुसरा खोलीत दार लावून, म्हणजे या गाण्यांचा श्लेष तयार होतो. त्याला द्व्यर्थ म्हणू या. बोलताना आपण ‘डबल मीनिंग’ म्हणतो तोच हा प्रकार.

पण केवळ एखाद्या शब्दाला दोन अर्थ असल्याने तीन मिनिटांचे गाणे उभे राहत नाही. त्यासाठी एक अख्खा धंदा किंवा वस्तू निवडावी लागते आणि तिचे सगळे बारकावे शेवटपर्यंत खरे ठेवावे लागतात. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘टेराप्लेन ब्लूज’ हे याचे चोख उदाहरण आहे. टेराप्लेन ही हडसन कंपनीची त्या वेळची खरीखुरी मोटार. आपण नसताना आपली गाडी दुसरे कोणी तरी चालवत होते, असा नायकाला संशय आहे. दिवे लागत नाहीत, बॅटरी उतरली आहे, आता बॉनेट वर करून तेल तपासायला हवे, असे तो सांगत जातो. गॅरेजमधल्या मिस्त्रीने हे गाणे ऐकले, तर त्याला त्यात तांत्रिक चूक सापडणार नाही. आणि तरीही हे गाणे मोटारीविषयी नाही, हे दुसऱ्याच ओळीला सगळ्यांना कळलेले असते.

दोन्ही अर्थ इतके पक्के असल्यामुळेच गंमत येते. वरचा अर्थ ढिला पडला, मोटारीच्या गाण्यात मोटारीला न शोभणारी गोष्ट घुसली, की विनोद सांडतो आणि उरतो तो पांचटपणा. या दशकातली बरीच गाणी तशी सांडलेली आहेत हेही सांगायला हवे. सगळीच काही बुल मूस जॅक्सनच्या तोलाची नाहीत.

दुसरे पथ्य चेहऱ्याचे. गायकाने डोळा मारायचा नाही. आपण काही वेडेवाकडे बोललो, याचा त्याला पत्ताच नाही, असा त्याचा आव हवा. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या शब्द भलत्याच अर्थाने घेतो आणि वर स्वतःच बावळट चेहऱ्याने उभा राहतो, किंवा दादा कोंडके पडद्यावर भाबड्या तोंडाने काही तरी बोलून जातात आणि हसणाऱ्यालाच आपल्या मनाची चोरी पकडल्यासारखे वाटते. तीच युक्ती इथेही आहे. कोणी तक्रार केली, तर गायक म्हणायला मोकळा : मी मोटारीबद्दल बोलत होतो, तुमच्या मनात काय आले?

स्वयंपाकघरातून सुरुवात

ही परंपरा रिदम अँड ब्लूजने शोधलेली नाही, वारशाने मिळाली. १९२० च्या दशकातल्या ब्लूज गायिकांच्या गाण्यांत द्व्यर्थाचे सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. बेसी स्मिथने १९२९ मध्ये गायलेल्या ‘किचन मॅन’मध्ये एका श्रीमंत बाईचा आचारी नोकरी सोडून निघाला आहे आणि बाई हवालदिल झाली आहे. त्याच्या हातच्या एकेका पदार्थाचे ती जे वर्णन करते त्यातला एकही पदार्थ खोटा नाही. ‘जेली रोल’ हा खरोखरच एक केकचा प्रकार आहे, आणि त्याच वेळी तो त्या बोलीत शृंगाराचा इतका रुळलेला शब्द होता, की न्यू ऑर्लिन्सच्या एका थोर पियानोवादकाने, जेली रोल मॉर्टनने, तो आपल्या नावातच मिरवला.

१९२८ मध्ये शिकागोत टँपा रेड आणि जॉर्जिया टॉम या जोडीने ‘इट्स टाइट लाइक दॅट’ हे गाणे काढले. चाल उडती, शब्द चहाटळ. ते इतके खपले, की अशा गाण्यांचा एक प्रकारच रूढ झाला. त्याला ‘होकम’ म्हणत. आपल्या शब्दांत ‘वात्रट गाणी’. यातला जॉर्जिया टॉम म्हणजे टॉमस डॉर्सी. तो धर्मोपदेशकाचा मुलगा होता. १९३२ मध्ये त्याची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेले, आणि त्या दुःखातून त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे भजन लिहिले. पुढे तो गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधील भक्तिसंगीत, या परंपरेचा जनक मानला गेला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला मेहेलिया जॅक्सनने जे भजन गायले ते हेच. देवाला हात मागणारा आणि वात्रट गाणे रचणारा माणूस एकच होता, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा धक्का बसला होता. नंतर लक्षात आले, की ज्या समाजात लावणी बांधणाऱ्या शाहिरांनीच फटके आणि पोवाडेही रचले त्या समाजातल्या वाचकाला तरी धक्का बसायचे कारण नव्हते.

साठ मिनिटांचा हिशेब

या शाखेतले सर्वांत गाजलेले गाणे १९५१ चे. किंग कंपनीच्याच फेडरल या छापावर डॉमिनोज नावाच्या गायक-पंचकाने ‘सिक्स्टी मिनिट मॅन’ काढले. या संचात क्लाइड मॅकफॅटर हा देवदूताच्या गळ्याचा गायक होता. त्याचा उंच, हळवा आवाज हीच संचाची ओळख. पण या गाण्यात त्याला मागे ठेवून पुढे आणले बिल ब्राउनला, ज्याचा आवाज खर्जातला होता. अशा संचांत खर्जाच्या गायकाचे काम एरवी बाकीच्यांच्या पायाखाली ‘बूम बूम’ करत राहण्याचे असे. इथे तोच नायक झाला, ‘लव्हिंग डॅन’ हे नाव घेऊन.

डॅन आपली जाहिरात करतो, आणि ती एखाद्या कामसू कारागिराने दुकानाबाहेर दरपत्रक लावावे तशी. कोणत्या कामाला किती मिनिटे, याचा तो हिशेब देतो : पंधरा मिनिटे चुंबनाची, पंधरा मिनिटे लाडीगोडीची, अशी चार पंधरा मिनिटांची बेरीज साठ. मागे बाकीचे गायक चर्चमधल्या साथीदारांसारखे गंभीरपणे साथ करतात. इथे खरे तर दडलेले फार थोडे आहे. विनोद आहे तो हिशेबाच्या काटेकोरपणात आणि ज्या संथ, आढ्यतेच्या आवाजात तो मांडला जातो त्यात. फुशारकी इतकी अचाट आहे, की ती ऐकून डॅनचा हेवा वाटत नाही, हसू येते. पुढे दुसऱ्या एका संचाने याला उत्तर म्हणून गाणे काढले, ज्यातला नायक कबूल करतो, की आता काही साठ मिनिटे जमत नाहीत बुवा.

‘सिक्स्टी मिनिट मॅन’ बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि नवलाची गोष्ट म्हणजे गोऱ्या श्रोत्यांच्या मुख्य यादीतही १७ व्या क्रमांकापर्यंत गेले. पाराचा आवाज वाड्यापर्यंत पोहोचू लागल्याची ती पहिली मोठी खूण होती. तेव्हा मात्र तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. एखादे विक्षिप्त गाणे गाजले, एवढेच समजून सोडून दिले गेले.

बायका यात फक्त खाद्यपदार्थ होत्या का?

पहिला आक्षेप हाच येईल, आणि तो खोटा नाही. पुरुषांच्या गाण्यांत बाई कधी मोटार असते, कधी ताक घुसळायची रवी, कधी पुडिंग. वायनोनी हॅरिस या रांगड्या गायकाने यातले बरेच प्रकार हाताळले. ती गाणी आज ऐकताना काही ठिकाणी हसू येते आणि काही ठिकाणी थांबते.

पण बायकांनी गायलेली गाणी बाजूला ठेवून हा हिशेब पुरा होत नाही. १९४८ मध्ये डायना वॉशिंग्टनने ‘लाँग जॉन ब्लूज’ गायले. लाँग जॉन हा दाताचा डॉक्टर, सात फुटांपेक्षा उंच. नायिका त्याच्याकडे जाते, तोंड उघडायला सांगितल्यावर उघडते, त्याचे गिरमिट कसे चालते आणि त्याने पोकळी कशी भरली, याचे समाधानाने वर्णन करते आणि पुन्हा कधी येऊ, असे विचारते. दाढ भरून घेतलेल्या कोणीही दंतवैद्याविषयी एवढ्या आनंदाने बोलल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. १९५४ मध्ये तिनेच एका वादकाच्या लांब, पुढेमागे सरकणाऱ्या वस्तूचे गुण गायले; ती वस्तू ट्रॉम्बोन निघते. ही डायना वॉशिंग्टनही चर्चमधूनच आलेली : डॉर्सीची सहकारी सॅली मार्टिन हिच्या गॉस्पेल संचात ती गात असे.

कॅन्सस सिटीची ज्यूलिया ली ही पियानोवर बसून गाणारी, घरगुती चेहऱ्याची बाई. तिच्या गाण्यांतला आवाज शांत, जवळजवळ शेजारणीशी बोलावे तसा. १९४८ च्या ‘किंग साइझ पापा’मध्ये ती आपल्या माणसाच्या आकारमानाचे कौतुक करते, जणू काही शर्टाचे माप सांगते आहे. या गाण्यांत बाई मागणी करते, तुलना करते, पसंत-नापसंत ठरवते, आणि कमी पडणाऱ्याला हसते. ज्या काळात रेडिओवरच्या गोऱ्या नायिका चांदण्यात वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करत नव्हत्या त्या काळात हे बोलणे फार वेगळे होते. द्व्यर्थाचे आवरण तिला जे स्वातंत्र्य देत होते ते सरळ बोलण्याने तिला मिळाले नसते.

मग सरळच का नाही सांगितले?

साधारण समजूत अशी, की सेन्सॉरच्या भीतीने हे लोक आडून बोलत आणि भीती नसती, तर त्यांनी सरळ शब्द वापरले असते. याला अर्धाच आधार आहे. कंपन्यांना पोलीस, टपालखाते, धर्मसंस्था यांची भीती होती हे खरे. पण ल्यूसिल बोगन या गायिकेने १९३५ मध्ये ‘शेव्ह एम ड्राय’ या गाण्याची दोन रूपे ध्वनिमुद्रित केली. एक विक्रीसाठी, आडपडदा ठेवून. दुसरे विक्रीला न आणलेले, ज्यात आडपडदा नावालाही नाही. ते दुसरे रूप पुढे बाहेर आले आणि आजही ऐकणाऱ्याचे कान लाल होतात. म्हणजे सरळ बोलणे या मंडळींना येत नव्हते, असे नाही. ते वेगळ्या प्रसंगीचे बोलणे होते.

दोन्ही ऐकले, की फरक कळतो. सरळ गाण्यात गायिका बोलते आणि आपण अवाक होतो. द्व्यर्थाच्या गाण्यात ती अर्धे बोलते आणि उरलेले आपण बोलतो, मनातल्या मनात. उखाणा घालणाऱ्याने उत्तरही स्वतःच सांगितले, तर त्यात काय राहिले? बारमध्ये पन्नास माणसे एकाच क्षणी तेच उत्तर ओळखतात आणि आपण सगळे एकाच पारावरचे आहोत, हे त्यांना एकदम जाणवते. तो हशा त्या ओळखीचाही असतो. कृष्णवर्णीयांच्या बोलीत अशा आडून बोलण्याच्या कौशल्याला ‘सिग्निफाइंग’ असे खास नावच आहे. गुलामगिरीच्या काळापासून मालकासमोर एक आणि आपसात दुसरे, असे बोलावे लागलेल्या समाजात ही कला रुजावी, यात नवल नाही. मात्र १९५० च्या ज्यूकबॉक्समागे बसून तिच्यावर प्रतिकाराचा झेंडा लावायची मला घाई वाटत नाही. दाताच्या डॉक्टरचे गाणे हे मुख्यतः दाताच्या डॉक्टरचे गाणे आहे.

हा त्या समाजाचाच स्वभाव होता का?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे : अशा गाण्यांमुळे कृष्णवर्णीय माणूस म्हणजे केवळ वासना, हे गोऱ्यांच्या मनातले चित्र पक्के झाले नाही का? ही काळजी त्या वेळी सर्वांत आधी वाटली ती कृष्णवर्णीय समाजातल्याच अनेकांना. मेंफिसचे डब्ल्यूडीआयए हे १९४९ पासून सर्व कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करणारे रेडिओ केंद्र. १९५४ मध्ये त्याने अशा गाण्यांवर आपणहून बंदी घातली. चर्चमधल्या मंडळींचा रोष तर नेहमीचाच.

शिवाय कोणती गाणी तबकडीवर जावीत, हे बहुतेक वेळा गोरे मालक ठरवत. किंग रेकॉर्ड्सचा सिड नेथन हा हिशेबी व्यापारी. जे खपते ते आणखी हवे, एवढेच त्याचे सौंदर्यशास्त्र. त्यामुळे तबकड्यांच्या दुकानावरून एखाद्या समाजाचा स्वभाव ठरवणे म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून मराठी साहित्य जोखण्यासारखे होईल.

आणि द्व्यर्थ ही काही एकाच वर्णाची मिरास नव्हती. ‘यू आर माय सनशाइन’ या गोड गाण्यामुळे जगभर परिचित असलेला गोरा गायक जिमी डेव्हिस याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला चांगलीच आंबट गाणी तबकडीवर दिली होती. १९४४ मध्ये तो लुइझियाना राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला.

गाणी तीच, कान नवे

१९५४ मध्ये हँक बॅलर्ड आणि त्याच्या मिडनाइटर्स संचाचे ‘वर्क विथ मी, ॲनी’ आले. इथे ‘काम’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, पण वरचा अर्थ इतका विरलेला, की तो असून नसल्यासारखाच. गाणे रिदम अँड ब्लूज यादीत पहिले आले. काही महिन्यांतच त्याचा पुढचा भाग आला, ज्याचे नावच ‘ॲनी हॅड अ बेबी’. म्हणजे ॲनीला मूल झाले आणि आता तिला काम करता येत नाही. तेही पहिले आले.

तीन वर्षांपूर्वी डॅनने साठ मिनिटांचा हिशेब मांडला तेव्हाच्या मानाने यात नवे काही नव्हते. नवे होते ते ऐकणारे. तोवर गोऱ्या घरांतली किशोरवयीन मुले रात्री आपापल्या खोलीत रेडिओचा काटा फिरवून कृष्णवर्णीय केंद्रे ऐकू लागली होती. क्लीव्हलंडचा निवेदक ॲलन फ्रीड हे संगीत ‘रॉक अँड रोल’ या नावाने वाजवत होता, आणि ‘रॉक’ व ‘रोल’ हे दोन्ही शब्द ब्लूजच्या बोलीत कशासाठी वापरले जातात, हे कळायला ट्रिक्सी स्मिथच्या १९२२ मधल्या ‘माय मॅन रॉक्स मी (विथ वन स्टेडी रोल)’ या गाण्याचे नाव वाचले तरी पुरे. आईबापांना ते ठाऊक नव्हते. त्यांना वाटले, नाचाचे नाव असेल.

फेब्रुवारी १९५५ मध्ये ‘व्हरायटी’ या मनोरंजन-व्यवसायाच्या साप्ताहिकाने संगीत-व्यवसायाला जाहीर इशारा दिला : घाणेरडी गाणी आवरा, नाही तर बाहेरचे कोणी तरी येऊन आवरेल. अशा गाण्यांना त्यांनी शब्द वापरला ‘लीअर-इक्स’. गाण्याच्या शब्दांना इंग्रजीत ‘लिरिक्स’ म्हणतात आणि चावट नजरेने बघण्याला ‘लीअर’. द्व्यर्थाविरुद्धचा जाहीरनामा लिहिताना संपादकांना स्वतःला कोटी आवरली नाही.

‘अशा गोष्टी पूर्वी चोरून चालत, आता उघड्यावर आल्या,’ हा या तक्रारीचा गाभा होता. वाक्य बरोबर आहे, फक्त कर्ता चुकला आहे. गाणी पारावरून हलली नव्हती. वाड्यातली मुले पारावर येऊन बसली होती.

साफसफाई

यावर धंद्याने शोधलेला उपाय असा, की गोऱ्या गायकांकडून तेच गाणे धुऊन-पुसून पुन्हा गाऊन घ्यायचे. ॲनीच्या गाण्याला उत्तर म्हणून तरुण कृष्णवर्णीय गायिका एटा जेम्सने हेन्री नावाच्या कोणा गड्याला ‘रोल विथ मी’ म्हणून बोलावणारे गाणे गायले. ते नाव नको म्हणून तबकडीवर ‘द वॉलफ्लॉवर’ असे छापावे लागले. १९५५ मध्येच जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेने ‘रोल’च्या जागी ‘डान्स’ हा शब्द घातला आणि तिचे गाणे मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एका शब्दाची किंमत एवढी होती.

त्याच वर्षी १४ सप्टेंबरला न्यू ऑर्लिन्सच्या एका स्टुडिओत लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे ध्वनिमुद्रण नीट जमत नव्हते. मधल्या सुटीत तो जवळच्या ड्यू ड्रॉप इन या क्लबात पियानोवर बसला आणि तिथे नेहमी म्हणत असे ते एक गाणे त्याने ठोकून दिले. निर्माता बंप्स ब्लॅकवेल चाट पडला : चाल जबरदस्त, शब्द मात्र कुठल्याही तबकडीवर घालता न येण्यासारखे. हे क्लबातल्या रात्रीचे, समलिंगी शृंगाराचे उघड गाणे होते. डॉरथी लाबोस्ट्री या स्थानिक गीतलेखिकेला बोलावून घाईघाईने नवे शब्द लिहून घेतले गेले. ते गाणे म्हणजे ‘टुटी फ्रुटी’. शब्द धुतले गेले, पण सुरुवातीचा तो निरर्थक आरोळीवजा बोल आणि गाण्याची सगळी आग तशीच राहिली.

धुण्याची सर्वांत मजेदार गोष्ट ‘शेक, रॅटल अँड रोल’ची. १९५४ मध्ये बिग जो टर्नरने ते गायले तेव्हा पहिल्याच ओळीत तो बाईला अंथरुणातून उठायला सांगतो. पुढे तिच्या झिरझिरीत कपड्यांतून ऊन आरपार दिसते, असेही येते. काही महिन्यांतच बिल हेलीने ते गोऱ्या श्रोत्यांसाठी गायले. अंथरूण गेले, गाणे थेट पुढच्या ओळीतल्या स्वयंपाकघरापासून आणि भांड्यांपासून सुरू झाले. कपड्यांतून येणारे ऊनही गेले. पण मधल्या एका कडव्यात नायक स्वतःला मासळीच्या दुकानात डोकावणारा एक डोळ्याचा बोका म्हणवतो, तो मात्र जागच्या जागी राहिला. एक डोळ्याचा कोण आणि मासळीचे दुकान कोणते, हे वाचकाने आपले आपण समजून घ्यावे. साफसफाई करणाऱ्यांना तो खराच बोका वाटला, की दिसूनही त्यांनी कानाडोळा केला, कोण जाणे. अमेरिकेतल्या सभ्य घरांत तो बोका बिनदिक्कत वाजत राहिला.

अशी गाणी नंतर थांबली नाहीत, फक्त त्यांना दुसरे पत्ते मिळाले. न्यू ऑर्लिन्सच्या डेव्ह बार्थोलोम्यूने १९५२ मध्ये किंग कंपनीसाठीच ‘माय डिंग-अ-लिंग’ नावाचे एक गाणे काढले होते. आजीने दिलेल्या, दोरीला लटकवलेल्या घंट्यांच्या खेळण्याविषयीचे ते गाणे तेव्हा फारसे कोणाच्या कानावर गेले नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात चक बेरीने ते भरल्या सभागृहात गायले आणि तिथेच ध्वनिमुद्रित झाले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. रॉक अँड रोलचा पाया घालणाऱ्या या माणसाला अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिला क्रमांक मिळाला तो एवढ्या एकाच गाण्याने. नीतिरक्षणासाठी झटणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी बीबीसीकडे त्यावर बंदी मागितली आणि बीबीसीने ती घातली नाही. ध्वनिमुद्रणात ऐकू येते ते असे : चक बेरी एखाद्या शाळामास्तराच्या गांभीर्याने सभागृहातल्या स्त्रियांना आणि पुरुषांना ध्रुवपद वाटून देतो, कोणी काय म्हणायचे ते समजावतो, आणि ती सगळी जनता घंट्यांच्या खेळण्याविषयीचे ते गाणे कोरसात, खो खो हसत, त्याच्याबरोबर म्हणू लागते.